पक्ष बुडतोय? मग मुळीच काही बदलू नका

परवा आमच्या तालुक्याला एका पक्षाची चिंतन बैठक झाली. कुठल्या ते विचारू नका, नाव सांगितलं तर उरलेले पक्ष उगाच खूश होतील आणि त्यांची लायकी नाहीये खूश व्हायची. निवडणुकीत आपटल्यावर "सामान्य मतदाराला काय वाटतं ते ऐकायचंय" म्हणून माझ्या आतेभावाने मला ओढून नेलं. अकराची वेळ, साहेब आले दोनला. मग दीपप्रज्वलन, मग स्टेजवरच्या प्रत्येकाने प्रत्येकाला हार, मग ज्यांच्यामुळे पडलो असं खाली सगळे कुजबुजत होते त्यांचाच शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग साहेबांचं भाषण, की आपण कुठेच कमी पडलो नाही, लोकांना आपलं काम समजलं नाही. चिंतन तेवढं वेळेअभावी राहिलं. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते, ते तसेच खिशात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि खाली यादीत माझं नाव, "ज्येष्ठ कार्यकर्ते". मी कार्यकर्ता नाही हो! ज्येष्ठ तर अजिबातच नाही!

तर म्हटलं, एवढं नाव लागलंच आहे तर सल्लाही देऊन टाकू. बदला, सुधारा असलं रडगाणं नाही गाणार मी. काहीही न बदलता पक्ष कसा चालवावा ह्याचा आपल्या राज्याला दांडगा अनुभव आहे, तो वाया जायला नको.

सगळ्यात आधी समिती नेमा. हरल्यावर समिती नेमणं म्हणजे हरण्याचं कारण सापडणं, मधे काही करावं लागत नाही. काँग्रेसने 1999 ला हरल्यावर अँटनी समिती नेमली, 2014 ला हरल्यावर पुन्हा अँटनी समिती नेमली, म्हणजे निदान समितीच्या बाबतीत तरी पक्षात सातत्य आहे. चिंतन शिबिरंही घ्या. पचमढी 1998, शिमला 2003, जयपूर 2013, उदयपूर 2022. उदयपूरला तर झकास ठराव झाला, एका कुटुंबाला एकच तिकीट! आणि त्याच ठरावात पळवाट, की घरातल्या दुसऱ्याने पाच वर्षं पक्षाचं काम केलं असेल तर चालेल. ठराव असाच करावा, दरवाजा लावायचा आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची. पुढच्याच वर्षी, 2023 ला, विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघात काय झालं आठवतंय ना? उमेदवारी वडिलांना, म्हणजे सुधीर तांब्यांना, त्यांनी अर्जच भरला नाही, मुलाने अपक्ष भरला आणि तो निवडूनही आला. कुटुंबाला तिकीट एकच गेलं, ठराव पाळला गेला, कशाला तक्रार करता.

दुसरं, झेंडा बदला. ह्यात मनसेचा हात कोणी धरू शकणार नाही. 2006 ला पक्ष काढला तेव्हा निळा, भगवा, हिरवा, पांढरा, सगळ्यांना घेऊन जाणारा झेंडा. 2009 ला 13 आमदार. मग 2014 ला एक, 2019 ला एक, मग जानेवारी 2020 मधे झेंडा अख्खा भगवा, वर राजमुद्रा, आणि 2024 ला शून्य. मधे ब्लू प्रिंट आली, टोलनाका आला, मोदींवर टीका झाली, मोदींना पाठिंबा झाला, भोंगे झाले, परत मराठी झालं आणि 2025 च्या जुलैत दोघे भाऊ एका स्टेजवर आले, तो दिवस खरंच बघण्यासारखा होता, आमच्या घरी टीव्ही बंदच नव्हता. पण ह्या सगळ्यात गल्लीतल्या शाखेत बसणाऱ्या पोराचं आयुष्य काय बदललं? केस अंगावर घेण्यापुरतं तो तेव्हाही होता, आताही आहे.

प्रदेशाध्यक्ष दर दोन-तीन वर्षांनी बदला, फ्लेक्सवाल्यांचा धंदा चालतो.

गट करा. रिपब्लिकन पक्षाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. 1998 ला सगळे एकत्र आले, काँग्रेसशी जुळवून घेतलं आणि महाराष्ट्रातून एकदम चार खासदार लोकसभेत गेले, प्रकाश आंबेडकर, आठवले, गवई, कवाडे. इतकं यश मिळाल्यावर जे करायला हवं होतं तेच केलं, वर्षभरात वेगळे झाले.

आणि समजा चुकून जिंकलात तर काय? तर ताबडतोब बदल थांबवा. 2024 च्या जूनमधे काँग्रेसने राज्यात लोकसभेच्या 17 जागा लढवून 13 जिंकल्या. 2019 ला एकच होती, चंद्रपूरची! झालं, लगेच सगळे ठणठणीत. मुख्यमंत्री कोणाचा, कुठली जागा कोणाची, ह्यावर अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत आघाडीत मारामाऱ्या. नोव्हेंबरमधे विधानसभेला 16. सोळा! ज्या पक्षाने ह्या राज्यावर 1960 पासून 1995 पर्यंत जवळजवळ सलग राज्य केलं त्याचे सोळा. संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले, कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण पडले, आणि प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत वाचले ते 208 मतांनी. एवढ्या मतांत लग्नाची एक पंगत उठते.

जे सोडून जातात त्यांना "कचरा गेला" म्हणा. विरोधी पक्षनेते असलेले विखे 2019 ला उठून समोरच्या बाकावर मंत्री झाले, माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मधे एका दिवशी राजीनामा आणि दुसऱ्या दिवशी भाजपमधे. कचरा एवढा वर्षानुवर्षं मुख्यमंत्री आणि मंत्री कसा होत होता, हे विचारणारा एखादा निघतोच, त्याला पुढच्या बैठकीला बोलवू नका. (सत्तेतल्यांनी फार हसू नये. तुमचे चाळीस वर्षं सतरंज्या उचललेले लोक आता कालपर्यंत ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच स्वागताच्या सतरंज्या घालतायत, ते बघतोय आम्ही.)

इतिहास सांगत रहा, मात्र वाचू नका. वाचलात तर पंचाईत होईल. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1885 ला खरं तर पुण्यात व्हायचं होतं, कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला हलवलं, म्हणजे पहिल्याच कार्यक्रमाला पक्षाने ठिकाण बदललं! पुढची पस्तीस वर्षं तो वकील-डॉक्टरांचा नाताळच्या सुट्टीतला मेळावा होता. मग 1920 चं नागपूर अधिवेशन. चार आण्यात कोणीही सभासद, भाषेप्रमाणे प्रांतिक कमिट्या, खाली जिल्हा, खाली तालुका, वर्षभर काम बघायला कार्यकारिणी. टिळक त्याच वर्षी ऑगस्टमधे गेलेले, अनेक जुन्या मंडळींना हे अजिबात पटलेलं नव्हतं, जीना तर नागपूरनंतर पक्षातून बाहेरच पडले. तरी बदललं. आणि मग 1936 ला अधिवेशन फैजपूरला, खानदेशातल्या गावात, बांबूच्या मंडपात, पहिल्यांदा खेड्यात. इकडे पुण्यात केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतले, काकासाहेब गाडगीळ काँग्रेसवाले, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन बाजू, ते एकत्र आले आणि शहरातली काँग्रेस बहुजनांच्या वाड्या-वस्त्यांवर पोचली. यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण त्याच्या पुढचं. हे सगळं झालं म्हणून राज्य केलं ना? का आजोबांच्या फोटोला हार घातला म्हणून केलं?

समोरच्यांनी तर हे तुमच्याकडे बघूनच उचललं. भाजप 1980 ला निघाला तेव्हा गांधीवादी समाजवाद म्हणत होता, 1984 ला लोकसभेत दोन खासदार. शेठजी-भटजींचा पक्ष म्हणून टिंगल व्हायची. इथे महाराष्ट्रात वसंतराव भागवतांनी "माधव" सूत्र काढलं, मा म्हणजे माळी, ध म्हणजे धनगर, व म्हणजे वंजारी, आणि त्या समाजातली पोरं शोधून त्यांना उभं केलं, मोठं होऊ दिलं. पटो न पटो, त्यांचा विचार मला नाहीच पटत, पण कष्ट घेतले माणसांनी. तुम्ही तेव्हा काय करत होता? साखर कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा चेअरमन व्हायला तयार झाला का ते बघत होता.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा उपाय, बूथकडे अजिबात लक्ष देऊ नका. बूथ ही फालतू गोष्ट आहे. राज्यात लाखभर बूथ आहेत, एवढ्या ठिकाणी माणूस बसवायचा म्हणजे लाखभर माणसं ओळखीची पाहिजेत, आणि आपल्या ओळखी दिल्लीत. मतदानाच्या आधी दीड तास मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी होतो, तिथे पक्षाचा एजंट लागतो, पहाटे उठावं लागतं. संध्याकाळी मतदान संपलं की किती मतं पडली त्याचा हिशोब, फॉर्म 17सी, त्याची प्रत एजंटला मिळते. मी ज्या शाळेत मत दिलं तिथे त्या पक्षाचा एजंटच नव्हता, मी डोळ्यांनी बघितलं, मग प्रत काय खुर्चीला देणार? त्याच्या आधी प्रारूप यादी लागते, हरकती घ्यायची मुदत असते, कोणाचं नाव उडालं, कोणाचं दोनदा आलं, मेलेली माणसं आहेत का, हे बघायला पक्षाला स्वतःचा बूथ लेव्हल एजंट नेमता येतो, आयोगच सांगतं नेमा म्हणून. नेमले? किती नेमले? आणि नेमलेल्यांपैकी किती जणांना आपण नेमलो गेलोय हे माहिती आहे? मग निकाल लागल्यावर मुंबईत एसी हॉलमधे पत्रकार परिषद, मतदार वाढले, आकडे जुळत नाहीत. अरे नसतील जुळत! विचारलंच पाहिजे, आयोगाने उत्तर दिलंच पाहिजे, त्यात मी तुमच्या बाजूने आहे, पण यादी हातात होती तेव्हा वाचली नाहीत, आता स्क्रीनवर मोठी करून दाखवता.

आणि बसणार कोण बूथवर? जो पोरगा वीस वर्षं स्वतःच्या पेट्रोलने पोलचिट वाटतोय, भांडणं अंगावर घेतोय, बायकोच्या शिव्या खातोय, त्याचं नाव साहेबांना माहिती नाही. तिकिटाच्या वेळी त्याला सांगतात तू थांब, तुझं वय आहे अजून. वय असतं तेव्हा थांब, वय संपलं की तरुणांना संधी द्यायची आहे. आणि तरुण कोण, तर साहेबांचा परदेशातून आलेला भाचा, ज्याला सातबारा कशाशी खातात माहिती नाही. ज्याला तिकीट मिळेल तो काल रात्री दुसऱ्या पक्षातून आलेला, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म घेऊन पहाटे निघालेला. मग तो पोरगा पुढच्या वेळी बूथवर बसत नाही, झोपतो घरी, बरोबर करतो.

उपरोध-बिपरोध जाऊ द्या आता, डोकं फिरलंय माझं. विधानसभा 288 ची. विरोधी पक्षनेतेपदावर हक्क सांगायला प्रथेप्रमाणे दहा टक्के, म्हणजे 29 आमदार लागतात. 2024 ला विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष 20 चा, ठाकऱ्यांचा. काँग्रेस 16, पवारसाहेब 10. तिघांचे मिळून 46. म्हणजे सरकारला जाब विचारायचं पद मागायचीही ताकद एकात नाही, आणि हे तुम्हाला फक्त तुमच्या पक्षाचं दुखणं वाटतंय? मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, तीन वर्षांहून जास्त तिथे प्रशासक होता, एक नगरसेवक नाही. गटाराचं झाकण गेलं तर लोकांनी कोणाकडे जायचं? ते दिवस तुमचे होते. वॉर्डावॉर्डात जाऊन बसायचं होतं, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे होते, तेवढ्यावर माणसं पक्षाला धरून राहतात. तुम्ही कोर्टाच्या तारखा मोजत बसलात आणि वाढदिवसाचे फ्लेक्स लावत बसलात. सोयाबीनचा हमीभाव 4892 असताना आमच्याकडे चार हजारावर आलं, तेव्हा बाजार समितीच्या दारात तुमचं कोण उभं होतं ते सांगा. एक माणूस दाखवा. ट्विट नको, माणूस.

न बदलता पक्ष मरतो असंही नाही, हे मला माहितीये, आणि तुम्हालाही माहितीये, म्हणून तर निवांत आहात. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, एकेकाळी विधानसभेतला मोठा विरोधी पक्ष, आज एक आमदार, सांगोल्याचा, तोही गणपतराव देशमुखांचा नातू. अकरा वेळा निवडून येऊन एसटीने फिरणाऱ्या आजोबांची पुण्याई आहे म्हणून तेवढा तरी आहे. तुमच्या साहेबांची कुठली पुण्याई आहे? फॉर्च्युनरची? तसं उरायचं असेल तर उरा, लेटरहेड छापा, जयंत्या करा, कोणी अडवलेलं नाही. पण मग पाच वर्षांनी दारात येऊन "लोकशाही धोक्यात आहे, तुमचं मत वाया घालवू नका" हे आम्हाला ऐकवायचं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या एकाच चिन्हावर शिक्का मारत आल्या आणि प्रत्येक वेळी आम्हालाच समजावलं गेलं की तुम्ही समजून घ्या. आम्ही का समजून घ्यायचं? तालुक्याच्या कार्यालयाचं कुलूप आधी काढा. रोज संध्याकाळी दोन तास तिथे कोणीतरी बसू दे, पंखा नसला तरी चालेल. जो बसेल त्यालाच झेडपीचं तिकीट द्या, आणि भाच्याला म्हणावं तू पोलचिट वाट पाच वर्षं. तेवढंही जमणार नसेल तर घरी बसा, आणि आमच्याही दारात येऊ नका.