घड्याळ ढकलणारी स्क्रिप्ट काढून टाका

माझा धाकटा भाऊ एका ऑफिसचे चाळीसेक कॉम्प्युटर सांभाळतो. फिरत फिरत एक मेसेज त्याच्याकडे आला आणि त्याने तो खरा मानला: 'इंटरनेटवरून वेळ घेणं बंद करा, त्या पोर्टातून हॅकर शिरतात. कॉम्प्युटरमध्ये सेल असतो, वेळ चुकत नाही. हवं तर एका मशीनची वेळ दर तासाला सगळ्यांवर टाकणारी स्क्रिप्ट लावा. दोन-चार सेकंदांनी काही अडत नाही.' आठवड्याभरात त्याचा फोन: बिल बनायच्या आधीच त्याला मंजुरी मिळालेली दिसतेय!

सेलचं आधी उरकते. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. अचूकपणा क्वार्ट्झच्या स्फटिकावर असतो, आणि त्यात दहा लाखांत २० भागांची चूक असली तरी महिन्याला ५० सेकंद जातात. एक मशीन पुढे, दुसरं मागे, म्हणजे दीड मिनिटाहून जास्त फरक.

खरा घात त्या स्क्रिप्टचा. पुढे गेलेलं घड्याळ दोन सेकंद मागे ओढलं, की तेच दोन सेकंद पुन्हा येतात आणि नोंदींचा क्रम उलटतो. शिवाय वेळ देणारं मशीनच चुकलं तर? भावाकडे तेच सहा मिनिटं मागे होतं. बिल बनलं ते स्क्रिप्ट न पोचलेल्या मशीनवर, मंजुरी दिली गेली मागे ओढलेल्या मशीनवरून.

इंटरनेटवरून घड्याळं जुळवायची ठरलेली पद्धत म्हणजे एनटीपी. ती सहसा असं करत नाही. तिचे नियम सांगणारा २०१० चा दस्तऐवज, आरएफसी ५९०५, उघडून बघा. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळाला धक्का न देता त्याची गती किंचित कमी-जास्त केली जाते. १००० सेकंदांहून जास्त फरक दिसला तर प्रोग्राम वेळ न बदलता थांबतो. वेळ देणाऱ्या अनेक सर्व्हरांना विचारून, बाकीच्यांशी न जुळणाऱ्याला वगळायची रीतही त्यातच आहे. चार सर्व्हर ठेवले असते तर सहा मिनिटं मागे असलेला लगेच उघडा पडला असता.

पोर्टाबद्दल थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. २०१३-१४ मध्ये एनटीपीच्या 'मॉनलिस्ट' सोयीचा (सर्व्हरशी अलीकडे कोण बोललं त्याची यादी देणाऱ्या) गैरवापर करून मोठे हल्ले झाले. पण त्यात वापरले गेले ते कुणालाही उत्तर देणारे सर्व्हर. ऑफिसातल्या दोन-तीन मशीननीच बाहेर वेळ विचारावी, बाकीच्यांनी त्यांना. बाहेरून येणारी विचारणा फायरवॉलवर अडवा. त्यासाठी वेळ जुळवणंच बंद करायचं?

आणि सेकंदांनी अडतं. घुसखोरीचा माग काढताना फायरवॉल आणि सर्व्हरच्या नोंदी एकमेकींशी जुळवाव्या लागतात, तिथे दोन सेकंदांत शेकडो ओळी असतात.

भावाने काल स्क्रिप्ट काढली. त्या आठवड्याच्या नोंदी मात्र तो अजून एकेक करून हाताने तपासतोय.