बोंडातला कापूस पाणी पीत नाही

बी रुजवण्याच्या प्रयोगावरच्या एका लेखात दुसरीच्या मुलांसाठी 'घरचा कापूस ओला करून त्यावर मटकी रुजवा' असं लिहिलंय. जळगाव-धुळ्याकडे घरचा कापूस म्हणजे थेट बोंडातला. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळतं आणि दाणे कोरडेच राहतात. मेडिकलमधल्या कापसाचं मेण काढलेलं असतं, म्हणून तो लगेच भिजतो. खरं तर आधी हाच प्रयोग घ्यावा: पाण्याच्या दोन ग्लासांत दोन्ही कापूस अलगद सोडायचे, कोणता बुडेल हे मुलांकडून आधी वदवून घ्यायचं. मेणाचं नंतर सांगितलं तरी चालतं.

रुजवायला जुन्या धोतराचं फडकं उत्तम. मटकी रात्रभर भिजवून पाणी पूर्ण निथळायचं; तळाशी साचलं तर हवा न मिळून दाणे कुजतात, वास मारतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे फडकं दुपारपर्यंत कडकडीत वाळतं, तेव्हा वर झाकणी हवीच. आणि एक लेखात राहूनच गेलं: पेरणीतून उरलेलं पाकिटातलं रंगीत बियाणं मुलांना आणू देऊ नका. त्याला कीटकनाशक, बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि या वयात हात तोंडात जातातच.