‘परखड’ यांच्या ‘सत्तर विरुद्ध शून्य’ला उत्तर

परखड,

मूलपेशींवरच्या, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या ‘स्टेम सेल्स’वरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : “लेखकाला वैद्यकाचा गंध नाही. प्रौढ मूलपेशींनी सत्तर आजार बरे केले, भ्रूणपेशींनी शून्य. बोन मॅरोला लेखात एकच ओळ. तरी हे लोक भ्रूणहत्येचे पोवाडे गाणार. घरबसल्या विद्वत्ता पाजळायला काय जातं?” पुढे जपानी शास्त्रज्ञ यामानाका, गर्भसंस्कार आणि शेवटी एका क्लिनिकचा फोन नंबर.

उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण ‘हे लोक’ काही डोक्यातून जाईना. हे लोक म्हणजे कोण? इथे मी एकटाच लिहितो. आणि टोपणनावाच्या आडून बोलणाऱ्याने दुसऱ्याला ‘घरबसल्या’ म्हणावं, ही तर कमालच. तुम्ही काय प्रयोगशाळेतून टाइप करत होतात?

पोवाडा कुठे गायला, तेही दाखवा. आयव्हीएफनंतर, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारानंतर, उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं, एवढंच मी विचारलं होतं. आपल्याकडच्या 2021 च्या कायद्यानुसार ते जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात. नंतर नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. भ्रूणपेशी मिळतात त्या अशाच भ्रूणांतून. पाच दिवसांचा, शे-दीडशे पेशींचा तो भ्रूण संशोधनाला दिला की हत्या, आणि मुदत संपली म्हणून टाकून दिला की काय? याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

बोन मॅरोला, म्हणजे प्रौढ मूलपेशी जिथे असतात त्या हाडांतल्या मज्जेला, एकच ओळ दिली हे मात्र खरं. दोन द्यायला हव्या होत्या. मान्य.

आता तो ‘गंध’. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर बँकेत नोकरी केली. पण प्रौढ मूलपेशी काय असतात ते मला तरी शिकवू नका, कारण माझ्या थोरल्या भावाला ल्युकेमिया झाला तेव्हा त्या मीच दिल्या. पेशी रक्तात उतराव्यात म्हणून आधी रोज इंजेक्शन. कंबर आणि छातीचं हाड असं ठणकायचं की कूस बदलताना शिव्या यायच्या तोंडात. मग मशीनशेजारी झोपून दोन्ही हातांत सुया, तासन्‌तास. नाकाला खाज सुटली तरी सिस्टरना हाक मारायची. वर टांगलेल्या पिशवीत टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी हळूहळू साठत होतं. दादा आज रोज सकाळी पर्वती चढतो. मी प्रौढ मूलपेशींच्या विरोधात आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?

राहिला तुमचा सत्तरचा आकडा. हा कुठून उगवला असावा याचा मला अंदाज आहे. अमेरिकेत भ्रूणपेशींच्या संशोधनाला विरोध करणाऱ्या फॅमिली रिसर्च कौन्सिलच्या डेव्हिड प्रेंटिस यांनी प्रौढ मूलपेशींचा उपयोग होतो अशा 65 आजारांची यादी फिरवली होती. 2006 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत पत्र लिहून ती तपासली. चाचण्यांचे सगळे टप्पे पार करून तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळालेले उपचार निघाले फक्त 9 आजारांवर. बाकी ठिकाणी एखाद्या रुग्णाला जरा बरं वाटलं, कुठे चाचणी नुसती चालू होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता 65 चे सत्तर झाले असतील. महागाई आहे.

आणि शून्य. शून्य कधीपासून मोजताय? अमेरिकी डॉक्टर डोनाल थॉमस यांनी 1957 मध्ये 6 रुग्णांना दुसऱ्याचा बोन मॅरो दिल्याचं प्रसिद्ध केलं, त्यांतला एकही वाचला नाही. पुढेही बरीच वर्षं इतकी माणसं दगावली की अनेकांनी हा नादच सोडला. थॉमस मागे लागून राहिले, 1990 मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा ब्लॉग असते तर 1960 साली त्यांच्या लेखाखालीही कोणीतरी ‘निकाल शून्य’ लिहून गेलं असतं, आणि माझ्या दादाचं काय झालं असतं ते मी सांगायला नको.

माणसाच्या भ्रूणपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी, 1998 मध्ये. 2001 मध्ये तिथले अध्यक्ष बुश यांनी सरकारी पैसा फक्त आधीच तयार असलेल्या पेशींपुरता ठेवला, तो निर्बंध ओबामांनी 2009 मध्ये उठवला. 2025 मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत पार्किन्सनच्या 12 रुग्णांचा अहवाल आला. त्यांच्या मेंदूत भ्रूणपेशींपासून तयार केलेल्या, पुढे चेतापेशी बनणाऱ्या पेशी सोडल्या होत्या. चाचणी पहिल्या टप्प्याची, मुख्यतः सुरक्षिततेची. रोग बरा झाला असं तिथे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण याला शून्य म्हणायला जरा जिगर लागते.

यामानाकांचं नाव मलाही ठाऊक आहे. साध्या पेशींना भ्रूणपेशींसारखं बनवण्यासाठी त्यांनी 24 जनुकांतून 4 निवडली. ती 24 मुळात भ्रूणपेशींच्या अभ्यासातूनच हाती आली होती, त्यामुळे तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे असं समजू नका. गर्भसंस्काराचा इथे काय संबंध, ते तुम्हीच जाणे.

फोन नंबर मी काढून टाकला आहे. गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल थेरपी’ आणि तीही पॅकेजमध्ये! रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर असा उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, हे आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पुन्हा टाकलात तर पूर्ण प्रतिक्रियाच उडवीन.