जरा अ‍ॅडजस्ट करा

'अ‍ॅडजस्ट' या इंग्रजी क्रियापदाला मराठीत वर्तमानकाळी प्रथमपुरुष नाही. ते चालतं आज्ञार्थात, समोरच्याला उद्देशून: 'जरा अ‍ॅडजस्ट करा.' 'मी' येतो तो थेट भूतकाळात, उसासा जोडून: 'मी म्हणून इतकी वर्षं अ‍ॅडजस्ट केलं!'

साहेबाच्या भाषेत ही क्रिया मुळात वस्तूंवर घडते. आरसा, चष्मा, घड्याळाचा पट्टा. माणूस पिळणार, स्क्रू पिळला जाणार. आपण हे क्रियापद घेतलं आणि स्क्रूच्या जागी माणूस बसवला.

खोटं वाटत असेल तर सकाळी कल्याणहून लोकलने निघून बघा. बाक तिघांचा. त्यावर 'चौथी सीट' नावाची जी जागा असते ती रेल्वेने बनवलेली नाही, प्रवाशांनी बनवली. चौथा येतो, बोलत नाही. नुसती दोन बोटं हलवतो, माशी हाकलल्यासारखी. तिसरा दुसऱ्याकडे बघतो, दुसरा पहिल्याकडे, आणि खिडकीतला पहिला मान न वळवता म्हणतो, "अहो, इकडे भिंत आहे." तरीही चौथा बसतो. म्हणजे एक मांडी बसते. दुसरी मांडी, गुडघा आणि बॅग पॅसेजमध्ये उभ्यानेच प्रवास करतात. ठाणे येईपर्यंत तो असा काही रेलतो की चौथा कोण होता ते ओळखू येऊ नये. मग पाचवा येऊन बोटं हलवतो, तेव्हा सगळ्यात मोठ्याने चौथाच ओरडतो, "इथे जागा कुठाय?"

शब्दांची कुळं शोधणारे सांगतात की या क्रियापदाच्या मुळाशी लॅटिन 'युक्स्टा' आहे, म्हणजे 'जवळ'. त्याच मुळातून इंग्रजीत 'जाउस्ट' आला: घोड्यावर बसलेल्या दोन सरदारांनी भाले रोखून एकमेकांवर धावून जाणं. लोकलमध्ये भाल्याऐवजी कोपर असतं, एवढाच काय तो फरक.

बंगळुरूला असलेला माझा मावसभाऊ म्हणतो, तिथेही सुटका नाही. तिथे 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. यातला 'स्वल्प' आणि आपला 'जरा' ही मापं वजनमापवाल्यांनी एकदा तपासायला हवीत. 'जरा' म्हणजे लोकलमध्ये अर्धी मांडी, नात्यातल्या लग्नाच्या हॉलवर एका खोलीत अकरा जण आणि एक चार्जर. आणि स्थळ बघायला आलेल्या मंडळींनी 'मुलीने जरा अ‍ॅडजस्ट केलं म्हणजे झालं' असं चहा पिता पिता म्हटलं, तर त्या 'जरा'त नोकरी, गाव, जेवणाची वेळ आणि आडनाव एवढं सगळं मावतं.

सरकारने याला भारदस्त नाव दिलंय: समायोजन. शाळेची पटसंख्या घटली की मास्तर 'अतिरिक्त' ठरतात आणि जिथे जागा रिकामी असेल तिथे त्यांचं समायोजन होतं. मास्तर करत नाहीत, मास्तरांचं केलं जातं. कर्मणी प्रयोगाचं याहून चांगलं उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

अपवाद एकच, वाणिज्य शाखेतली अंतिम खाती. तिथे गणिताच्या खाली 'समायोजना' दिलेल्या असतात आणि प्रत्येकीचा परिणाम दोन ठिकाणी दाखवावा लागतो, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. कॉलेजात या दुहेरी परिणामाने मला रडवलं होतं. आता मात्र वाटतं, हाच नियम लग्नाच्या बैठकीत आणि चौथ्या सीटवर लावला तर किती जणांचे ताळेबंद उघडे पडतील!

या क्रियापदाचा मूळ, पाना-पकडीचा अर्थ जिवंत ठेवणारा आमच्याकडे एकच माणूस उरलाय: कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. परवा स्कूटरचा क्लच सैल झाला म्हणून गाडी त्याच्याकडे नेली. त्याने पाना लावला, नट फिरवला, पुन्हा फिरवला, क्लच दाबून बघितला आणि हात पुसत म्हणाला,

"साहेब, वायर शेवटाला आलीय. माझ्याकडून होतं तेवढं अ‍ॅडजस्ट केलं. आता पुढचं तुम्ही करा."

वर पन्नास रुपये मागितले. मी साठ दिले. सुट्टे नाहीत म्हणाला, अ‍ॅडजस्ट करा.