बप्पांचं मोफत मार्गदर्शन केंद्र

पाथरी रोडच्या टपरीवर परवा बप्पांनी माझ्या पोरांना चहा पाजला, स्वतः दोनदा घेतला, वर तंबाखूची पुडी मागितली आणि उठताना टपरीवाल्याला सांगितलं, "सरच्या खात्यावर मांड. पोरं त्यांचीच हायेत, मी नुसतं शिकवलं." रक्कम किरकोळ होती. पण पोरं माझी, चहा माझा आणि शिकवणूक बप्पांची, हा हिशेब अजून घशाखाली उतरत नाही.

माझी पोरं म्हणजे पोलीस भरतीची पोरं. पहाटे पळवायचं, उन्हं वर यायच्या आत गोळा टाकून घ्यायचा, संध्याकाळी अंकगणित आणि मराठी व्याकरण, हा आमचा उद्योग. बप्पांचा उद्योग टपरीच्या बाकड्यावर बसायचा. बप्पा पोलिसात नव्हते, होमगार्डात नव्हते, एनसीसीतही नव्हते. त्यांचे साडू मात्र कधीकाळी एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. एवढ्या भांडवलावर बप्पा गेली कैक वर्षं पोलीस खातं चालवतात.

आमच्याकडं पोरगं बारावी झालं की घरात दोनच विषय निघतात. कापसाला भाव नाही, हा एक. भरती कधी निघते, हा दुसरा. त्यात चुकीचं काही नाही. शिपाई पदाला बारावी पास चालतं, वय 18 पूर्ण लागतं, खुल्या गटाला 28 आणि मागासवर्गीयांना 33 पर्यंत मुभा, वेतनश्रेणी 21,700 पासून. कोरडवाहू चार एकरांत एवढा पैसा महिन्याच्या महिन्याला कोण देतंय? म्हणून तर 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांच्या वर अर्ज आले. एका जागेमागं शंभराच्या आसपास. हा आकडा मी पोरांना सांगत होतो, तर बप्पा मध्येच म्हणाले, "त्यातले नव्वद तर असेच येतेत, एसटीत फिरायला."

मग त्यांनी उंचीला हात घातला.

उंची पुरुषांना किमान 165 सेंटिमीटर लागते, मुलींना 155, आणि मोजतात अनवाणी. आता गंमत अशी की माणूस सकाळी असतो त्यापेक्षा संध्याकाळी साधारण एखाद्या सेंटिमीटरनं बुटका होतो, कारण दिवसभराच्या भारानं मणक्यांमधल्या चकत्या दबतात. ज्याची उंची पुरेपूर काठावर आहे त्यानं आदल्या रात्री आडवं पडून झोप काढावी आणि मोजणीच्या रांगेतही जागा मिळेल तिथं पाठ टेकावी. पट्टीला टाचा आणि पाठ टेकवून नजर समोर ठेवायची. उंच दिसावं म्हणून पोरं हनुवटी वर करतात, त्यानं डोकं मागं कलतं आणि होती तीही उंची जाते. मी हे सांगतोय तोवर बप्पा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या सर. पिंपळाला लोंबकळायचं, रोज अर्धा तास. आमच्या साडूच्या पुतण्यानं तीन इंच वाढवली."

"कुठं लागला तो?"

"लागला न्हाई. खांदा निखळला त्याचा."

छातीचंही तसंच. न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून किमान 5 जास्त. फीत गुंडाळली की पोराला वाटतं, आत्ताच मर्दपणा दाखवावा. ते पहिल्याच मोजणीला श्वास ओढून बसतं. न फुगवताच 83 भरली की फुगवून 88 कुठून आणणार? फरकात नापास. पहिल्या वेळी श्वास सहज सोडून उभं राहायचं आणि सांगितल्यावर पोटातून ओढून वर घ्यायचा. बप्पांनी यावर स्वतःचा शर्ट वर करून प्रात्यक्षिक दिलं. त्यांचा फरक भरपूर आला, पण तो छातीत आला असं म्हणवत नाही.

सोळाशे मीटर पळण्याच्या बाबतीत तर त्यांनी कळसच केला. मैदानी चाचणी एकूण 50 गुणांची असते. पोरांना सोळाशे मीटरला 20, शंभर मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. मुलींना सोळाशेऐवजी आठशे. पैकीच्या पैकी हवे तर सोळाशे 5 मिनिटं 10 सेकंदांत काढावे लागतात. म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर चार राऊंड आणि प्रत्येकाला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पहिला राऊंड पासष्टला मारणारा पोरगा तिसऱ्या राऊंडला पाय ओढत असतो, कारण सुरुवातीलाच जोर काढला की मांड्या भरून येतात आणि मग मनात कितीही असलं तरी पाऊल लांब पडत नाही. पहिले दोन राऊंड जोर राखून पळायचं, तिसरा निभवायचा आणि शेवटच्या तीनशे मीटरला काय असेल ते काढायचं. शिवाय मुख्यालयाच्या मैदानावर चुन्यानं आखलेला ट्रॅक चारशेचाच असेल असं नाही. आधी विचारून घ्यायचं की राऊंड किती, नाहीतर पोरगं एक राऊंड शिल्लक असताना हात वर करून थांबतं.

बप्पांचं म्हणणं, "पहिल्या राऊंडालाच फोडायचं. मागचे घाबरून बसतेत."

"बप्पा, हल्ली पोरांना वेळ मोजणारी चिप लावतात. मागचा घाबरला काय आणि झोपला काय, गुण वेळेवर मिळतात."

"चिपला काय कळतंय सर? माणूस बघून कळतं."

पोरांनी माना डोलावल्या. बप्पांच्या बाजूनं.

काळ्या मातीचा आमचा मुलूख. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटतो, म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर पळतात, तेही अंधारात, गडद कपड्यांत, ट्रॅक्टरांच्या शेजारून. टणक रस्ता आणि एकदम वाढवलेलं अंतर, की पंधरा दिवसांत नडगी धरते. ती विश्रांतीशिवाय सुटत नाही. अंतर हळूहळू वाढवायचं, मऊ जमीन शोधायची, बूट झिजले की बदलायचे. नडगीवर फडकं आवळून पळण्याचा बप्पांचा उपाय ज्यांनी केला त्यातलं एक पोरगं सध्या बाकड्यावर बप्पांच्या शेजारीच बसलेलं असतं. त्याचा त्यांच्यावरचा विश्वास कमी झालेला नाही.

गोळा मात्र मला डोळ्यांनी बघावा लागला. पोरांचा गोळा 7.260 किलोचा, साडेआठ मीटर गेला की पूर्ण गुण. मुलींचा 4 किलोचा, त्यांना 6 मीटर. गोळा तळहातात घ्यायचा नसतो, बोटांच्या बुडाशी ठेवायचा, मानेला टेकवायचा, कोपर वर. आणि तो फेकायचा नसतोच, ढकलायचा असतो. जोर पायातून निघून कमरेतून खांद्यात यायला हवा. पोरं नुसत्या हातानं टाकतात, म्हणून गोळा सहा मीटरवर बसतो आणि मनगट सुजतं. हे मी सांगून संपवायच्या आत बप्पांनी टपरीची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेला दगड उचलला. "बघा रे," म्हणाले. धोतराचा सोगा खोचला, तंबाखू थुंकली, तीन पावलं मागं गेले. टपरीवाला "बप्पा, बाटल्या! बप्पा!" करत होता. बप्पांनी दगड क्रिकेटच्या चेंडूसारखा डोक्यावरून भिरकावला. तो जेमतेम दोन मीटर गेला. इकडं ताडपत्री मोकळी होऊन वाऱ्यानं उठली आणि स्टोव्हवर आली. मोठी आरडाओरड झाली. सगळं विझल्यावर बप्पा कमरेला हात लावून म्हणाले, "वजन कमी होतं दगडाचं. हलक्याला अंदाज येत न्हाई."

कोपऱ्यात तात्या बसले होते. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे 1948 ला जन्मलेले. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं वय असंच मोजतात. त्यांनी विचारलं, "आता अमीन व्हायला घोड्यावर बसता यावं लागतं का?" निजामाच्या काळातले अमीन गेले, फौजदार आले, फौजदाराचे पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक झाले आणि ती वाट आता पदवी घेऊन लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते, हे तात्यांना समजावण्यात माझा चहा गार झाला. त्याचेही पैसे मीच दिले.

इथवर मी हसून घेतलं असतं. पण त्यानंतर बप्पा आवाज खाली आणून पोरांना म्हणाले, "आन् शेवटी सेटिंग लागतीच." हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मैदानात चित्रीकरण होतं, गुण त्याच दिवशी कळतात. मैदानीला 50 टक्के मिळवणाऱ्यांतून गुणांच्या क्रमानं जागेच्या दहापट पोरं लेखीला जातात. लेखी 100 गुणांची, 90 मिनिटांची, तिथं 40 टक्क्यांच्या खाली गेला की बाद. याद्या सगळ्यांसमोर लागतात. तरी गावोगाव कुणीतरी बाप रान गहाण टाकून एखाद्या एजंटाच्या हातात लाखांनी पैसे देतो. त्या एजंटाचा धंदा सोपा असतो. तो दहा जणांकडून घेतो, त्यातला एखादा स्वतःच्या पायावर लागतो, त्याचे पैसे ठेवून घेतो आणि बाकीच्यांना पुढच्या भरतीचा वायदा देतो.

आणि पुढची भरती कधी, हे कुणालाच माहीत नसतं. मध्यंतरी लेखी आधी आणि ग्राउंड नंतर केलं, पोरांनी पळणं सोडून पुस्तकं धरली. 2022 मध्ये पुन्हा ग्राउंड आधी झालं. दोन भरत्यांच्या मध्ये वर्षं निघून जातात आणि पोराचा 28 वा वाढदिवस काही जाहिरातीची वाट बघत नाही. लग्नाच्या बाजारात "भरतीची तयारी करतो" या स्थळाला काय किंमत आहे ते मुलीच्या बापांना विचारा. यावर बप्पा गप्प होते. पुडी चोळत होते.

शेवटचा विषय फॉर्म कुठं टाकायचा, हा. शिपाई पदाला एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, त्यामुळं जिल्हा निवडणं म्हणजे अर्धी भरती. मुंबईला जागा जास्त, म्हणून आमची पोरं परभणीहून देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर उभी राहून जातात आणि त्या पायांनी सोळाशे पळतात. जमलं तर एक दिवस आधी पोचावं, पाठ टेकायला जागा बघावी, सोबत केळी, शेंगदाणे, पाणी. भूकंपग्रस्तांच्या 2 टक्के आरक्षणात बसणाऱ्या किल्लारीकडच्या पोरांनी आणि बाकी सगळ्यांनीच दाखल्यांवरच्या तारखा जाहिरातीशी ताडून बघाव्यात. नॉन-क्रिमिलेयर दाखल्याची मुदत संपलेली असली की वेगानं पळालेला पोरगा कागदपत्रांच्या टेबलावर अडकतो. जिल्हा निवडताना मागच्या दोन भरत्यांचा आपल्या प्रवर्गाचा कट ऑफ काढावा, आताच्या जागा बघाव्यात आणि मग ठरवावं.

बप्पा म्हणाले, "एवढं कशाला? मी सांगतो तो जिल्हा टाका. तिकडं कुनी जात न्हाई, कट ऑफ लई खाली लागतो." आणि त्यांनी जिल्ह्याचं नाव सांगितलं. पोरांनी लगेच मोबाइलात टिपून घेतलं.

मी विचारलं, "बप्पा, हे आणखी कुणाकुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांलाच सांगायलोय की. मानवत, सेलू, माजलगाव, जिथं जातो तिथं. चांगली गोष्ट झाकून ठेवावी का सर?"