रिव्हेट की बोल्ट, हे सांगाडा पाहिल्याशिवाय सांगू नका

रोबोटचा सांगाडा रिव्हेटने (एकदा बसवला की फोडल्याशिवाय न निघणाऱ्या धातूच्या खिळीने) जोडावा की बोल्टने, हा प्रश्न गोव्यातल्या फोंड्यात कोणालाही विचारा, उत्तर तयारच असते. आणि ते देणाऱ्याने सांगाडा पाहिलेलाही नसतो, याचाच मला संताप येतो.

"बोल्टच घाला, उद्या उघडता येतील," असे छातीठोकपणे सांगणारे लोक नेमके काय उघडायचे आहे, हे कधीच विचारत नाहीत. मोटर, गिअरबॉक्स, चाके वारंवार काढावी लागतात, तिथे बोल्ट हवेतच. पण कोपऱ्यावरची जी पट्टी रोबोट भंगारात जाईपर्यंत कोणी उघडणार नाही, तिच्यावर बोल्ट, दोन वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला) नट यांचे वजन कशासाठी लादायचे? पातळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीत बोल्ट आरपार घालून पाना आवळला की नळीच चेपते, आणि नट आत ठेवायचा म्हटले तर तिथे बोटही शिरत नाही. शिवाय एम-4 (4 मिलिमीटर जाडीच्या) बोल्टसाठी साधारण 4.5 मिलिमीटरचे भोक पाडतात; मोटरच्या थरथरीने नट सैल झाला की तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात सगळी चौकट तिरपी होते. पॉप रिव्हेट, म्हणजे मधला खिळा ओढून तोडून बसवायचा पोकळ रिव्हेट, फुगून भोक भरतो आणि एकाच बाजूने बसवता येतो, हे या मंडळींच्या गावीही नसते.

दुसरा पंथ याहून हट्टी. विमाने रिव्हेटवर उडतात, म्हणून यांना मोटरची पट्टीसुद्धा रिव्हेटनेच ठोकायची असते. विमानाच्या पत्र्यावर मुख्यतः भरीव रिव्हेट दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेले असतात, हार्डवेअरच्या दुकानातला पोकळ पॉप रिव्हेट नव्हे. मोटर जळाली की तो ड्रिलने काढताना बिटाबरोबर गरगर फिरतो, भोक मोठे होते, आणि तुटलेला खिळा नळीत पडून खुळखुळत राहतो. तो सर्किटवर पोहोचला तर शॉर्टसर्किट ठरलेलेच.

दुकानांविषयी तर बोलायलाच नको. कोणत्या जाडीला कोणता रिव्हेट चालतो, हे डब्यावर छापलेले असते, पण डबा केव्हाच फेकलेला असतो आणि सगळ्या लांबीचे रिव्हेट एकाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले असतात. 4.8 मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी 4.9 चे ड्रिल मागितले की 5 चे हातावर ठेवून "चलता है" म्हणतात. दुपारी शटर ओढलेले असते, हे वेगळेच.

त्यातही कहर म्हणजे "स्टेनलेस घ्या, गंजत नाही" हा सल्ला. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत स्टेनलेस बोल्ट बऱ्यापैकी चकचकीत राहतो. पण त्याच्याभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते, कारण हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की मार खाते ते ॲल्युमिनियमच. नायलॉनचे वॉशर आणि बुशिंग (बोल्टभोवती बसणारी छोटी नळी) घालून ते वेगळे ठेवा, असे सांगणारा एकही महाभाग या सगळ्यांत मला आढळला नाही, आणि नायलॉनचे वॉशर मागितले की दुकानदार मला प्लंबिंगच्या कपाटाकडे पिटाळतो.