एमएच १९ वाली पांढरी गाडी बाजूला घ्या!

दहा वर्षं अहिराणी गाणी गातोय. माझ्या माईकवरून सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य मात्र वरचंच. दर वेळी तेच! ऐन वरच्या सुरात असलो की कुणीतरी काका स्टेजवर चढतात, हातातला माईक ओढतात आणि गाडी हलवायला सांगतात. परवा धुळ्याकडच्या हळदीत तर एमएच १८ पण होती. म्हणजे मध्यांतर दोनदा.

मानधन विचारलं की ठरलेलं उत्तर, "पैसा काय मांगस रे भो? तुनं नाव हुई!" नाव होतं की. बॅनरवर, मंडपवाल्याच्या मोबाईल नंबरखाली, तेही चुकीचं छापलेलं. वर नवरदेवाच्या दीड वर्षाच्या भाच्याचा फोटो, गॉगलसकट.

जेवण तेवढं पक्कं. हिवाळाभर भरीत आणि कळण्याची भाकरी. (भरिताबद्दल तक्रार नाही, पाप लागेल. पण रिक्षावाला भाड्यात भरीत घेत नाही.) सारंगखेड्याच्या बाजारात नाचऱ्या घोड्याला लाखांत भाव मिळतो, आम्हाला वांगी!

यूट्यूबचं तर बोलूच नका. मित्र गाणं मोबाईलवरून मोबाईलवर रेकॉर्ड करून स्टेटसला ठेवतात. व्ह्यू कुणाला? त्यांना. आई रोज न चुकता व्हिडिओ लावते, पण आवाज बंद करून.

आत्ताच फोन आला, रविवारी लग्न आहे.

"गाणं पाहू रे नंतर, पण तुझा आवाज खणखणीत आहे. पार्किंगचं बघशील का?"